कंबरपट्ट्यावरून घेतलेली मापे

मित्रांनो, मी मापाची एक जुनी फीत आहे. शिंप्याच्या गळ्यात असते तसलीच, पण कापड माझ्या वाट्याला कधी आले नाही. माझे आयुष्य ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या एका छोट्या दवाखान्यात गेले. तिथल्या परिचारिका ओदिलिया त्सोक यांनी नऊ वर्षे मला गावातल्या बायकांच्या कमरेभोवती धरले. वजन, कंबर, रक्तातली साखर आणि शेजारी धाकट्या मुलाची उंची, असे त्या एका ओळीत लिहीत.

मला त्या ओळींचे फार कुतूहल वाटे. आईचे वजन दरवर्षी वाढलेले, आणि तिच्या पाठीवर बांधलेले मूल मात्र वयाच्या मानाने खुरटलेले. एकाच चुलीवरच्या मक्याच्या भाकऱ्या आणि तोच काळा घेवडा खाऊन एक फुगते आणि दुसरे वाढत नाही, हे कसे? ओदिलियाबाईंनाही या प्रश्नाने पछाडले होते. पण एका गावाच्या आकड्यांना कोण विचारतो? म्हणून पाच देशांतल्या संशोधकांनी आपापली मापे एकत्र करायचे ठरवले, तेव्हा बाईंना आकाश ठेंगणे झाले.

पहिली बैठक आमच्याच दवाखान्यात भरली. चिलीहून आलेले डॉक्टर मान्रिकेस आकड्यांत मुरलेले होते, आणि जिभेने तिखट. सगळे तक्ते चाळून ते ओदिलियाबाईंकडे वळले.

"बाई, तुमच्या गावात वजन जास्त, साखर जास्त, आणि कंबर मात्र पोरींसारखी बारीक. अशी मापं मी सगळ्यांच्यात मिसळू शकत नाही. वगळावी लागतील."

बाईंचा चेहरा उतरला. तो पाहून डॉक्टरही जरा नरमले. त्यांनी मला उचलले आणि ओढून पाहिले. "जुनी दिसते. ताणली असेल. ताणलेली फीत माप कमीच दाखवते, त्यात तुमचा काय दोष?"

मित्रांनो, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. कारण खरे काय ते मला माहीत होते. आमच्याकडच्या बायका घागऱ्यावर विणलेला रुंद पट्टा तीन वेढे घट्ट आवळतात. तो परक्यांसमोर सोडणे म्हणजे अब्रू सोडणे. म्हणून बाई पट्ट्यावरूनच माप घेत आणि पट्ट्याच्या जाडीची दोन बोटे मनातल्या मनात वजा करत. मुळात पोट आवळलेले, त्यात ही वजाबाकी. वहीत तिचा उल्लेख नव्हता, कारण गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. आता सारे खापर माझ्यावर फोडून बाई सहज सुटू शकत होत्या.

बाईंनी मला डॉक्टरांच्या हातातून घेतले आणि पोलादी पट्टीवर ठेवले. मी रेघेला रेघ जुळले.

"फीत बरोबर आहे, डॉक्टर. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या, आणि पट्ट्याची सगळी हकिकत त्यांनी सांगून टाकली.

मग पेरू देशातून आलेल्या संशोधिका सेनाइदा चोके यांनी घसा साफ केला. "आमच्या बायका पाच-पाच घागरे घालतात. मी दोनच काढायला सांगते. बाकीचे अंदाजानं धरते."

"म्हणजे माझ्या तक्त्यात घागरे किती आणि माणसं किती?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, आणि आधी तेच हसले. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपण माप खरोखर कसे घेतो ते लिहून काढले. एकही कागद कोरा राहिला नाही. मला वाटते, ती मंडळी खऱ्या अर्थाने एकत्र आली ती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी ओदिलियाबाई गावातल्या बायकांना विनवायला गेल्या. कमरेची जुनी मापे रद्द झाली होती आणि नवी मिळाली नाहीत तर गाव वगळले जाणार होते. बेन्तुरा नावाच्या विणकरणीने सगळे ऐकून घेतले.

"पट्टा सोडीन. पडदा हवा आणि माप घेणारी बाई हवी," ती म्हणाली. "आणि आकडा आधी मला सांगायचा. नऊ वर्षं माझी कंबर मोजताय, किती भरली ते एकदा तरी सांगितलंत का?"

बाईंनी मान खाली घातली. मलाही लाज वाटली. नऊ वर्षे मी तिला वेढून होते, आणि तिला विचारावे हे कधी मनातही आले नव्हते.

पडद्यामागे बेन्तुराने पट्टा उलगडला. बाईंनी माप घेतले आणि वहीला हात लावण्याआधी ते तिला सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. "इतकी?" ती हळूच म्हणाली. मग तिने पोराला पाठीवरून उतरवून पुढे उभे केले. "आता याची उंची सांगा. आणि दोन्ही एकाच घरात का होतं, ते शोधायला मलाही बसवून घ्या."

मित्रांनो, आम्हा फितींची काळजी घ्या, आम्हाला ताणू नका, हे तर आहेच. पण ज्याचे माप घ्याल, त्याला ते आधी सांगा. ते त्याचे असते.