दोन इंच उंच

"चढा काकू," गॅरेजवाला म्हणाला.

किती उंच करायची ते बघायला जीप जॅकवर उचलून तिच्या चाकांखाली लाकडी फळ्या सारल्या होत्या. मी मागच्या पायरीवर एक पाय ठेवला, दांडी पकडली, पण दुसरा पाय काही केल्या जमीन सोडेना. धाकट्याने मागून आधाराला हात पुढे केला.

"हात काढ," मी म्हटलं. "वरच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना तू रोज हात द्यायला जाणार आहेस का? मग मलाही नको."

"आई, चार इंच म्हणजे काही फार नाही. आजकाल सगळे चारच घालतात. बघ तरी, गाडी कसली दिसते!"

"दिसते ना. उंटासारखी दिसते. पण चार इंच उचलली तर एकेका म्हातारीला आत घालायला चौघांनी खांदा द्यावा लागेल."

गॅरेजवाला हसला. धाकटा हिरमुसून मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. चार इंचांचं खूळ त्या मोबाइलमधूनच आलं होतं. त्यात कुणीतरी गॉगलवाले लोक रंगीत जीपा घेऊन मुद्दाम चिखलात जातात म्हणे. आम्हाला मुद्दाम जायची गरज नव्हती.

आमचे हे बाजूला उभे होते, हातात सुतळीचा तुकडा घेऊन. त्यांनी सुतळीचं एक टोक जमिनीला लावलं आणि पायरीपर्यंत ताणलं. सुतळीला एक गाठ होती. पायरी गाठीच्या चांगलीच वर निघाली.

"नाही चालणार," हे म्हणाले. "दोनच इंच करा."

ती गाठ म्हणजे वरच्या वस्तीतल्या सुईणबाईच्या पायाची उंची. आमच्या ह्या ड्रायव्हरसाहेबांनी एका सकाळी तिच्या दारात जाऊन तिला भिंत धरायला लावली, पाय उचलेल तेवढा उचलायला सांगितला आणि तिथे सुतळीला गाठ मारून घेतली. सुईणबाईने त्यांची बिनपाण्याने केली होती. "मेल्यावर मापं घेतात रे माणसाची! तू आत्ताच आलास होय?" तिच्या तोंडाला लागणं माझ्यासारखीलाही जड जायचं. माझी दोन्ही पोरं तिच्याच हातची. मी कळांनी ओरडत होते तेव्हा तिने मला जे सुनावलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"मग खाली एक जादा पायरी लोंबती सोडू या," धाकट्याने मोबाइलमधूनच सुचवलं.

"तीच आधी दगडाला लागेल," गॅरेजवाला म्हणाला. "मग गाडी उचलून उपयोग काय?"

सगळं दुखणं त्या दगडांचंच होतं. वस्तीचा रस्ता ओढ्यातून जातो. मागच्या पुरात रस्त्याचा भराव वाहून गेला आणि खालचे दगड दात विचकल्यासारखे वर आले. तिथून जाताना गाडीचं पोट घासायचं. एकदा इंजिनाखालचं चेंबर फुटून सगळं ऑइल ओढ्यात गेलं, आणि ते बदलून महिना होतो न होतो तोच पुन्हा फुटलं. रस्ता करणारे आले, दगडांचे फोटो काढून गेले. दगड तिथेच राहिले.

थोरला दूर शहरात असतो. त्याने फोनवर एकच धोशा लावला होता, "विकून टाका ती जीप. बाबा बसतील आरामात."

बसतील कुठले! ह्या माणसाने आयुष्यात एकच काम केलं. सकाळी गाडी वर न्यायची, माणसं बाजाराला, दवाखान्याला खाली आणायची, संध्याकाळी ज्याची त्याला त्याच्या दाराशी सोडायची. लग्नात मला घरी आणली तीही ह्याच जीपमधून, आणि वाटेत दोन सवाऱ्या घेतल्या. घरात हे असून नसल्यासारखे. चहात साखर कमी पडली तरी मागायचे नाहीत. स्टिअरिंग हातात आलं की मात्र माणूस ताठ होतो, आवाज फुटतो, नको तितका बोलतो. गाडी बंद पडली असती तर मी घरात नुसती खुर्चीतल्या ह्यांच्यावरची धूळ झटकत बसले असते. म्हणून मीच म्हटलं, करा गाडी उंच.

फळ्या काढून दोन इंचांच्या घातल्या. मी पुन्हा चढले. गुडघा कुरकुरला, पण चढले. सुतळीची गाठ पायरीला बरोबर टेकली. ह्यांच्या तोंडावर असं समाधान आलं, जसं काही त्या सुतळीनेच गाडी उचलली होती.

"ठरलं मग," गॅरेजवाला म्हणाला. "आता मागचे स्प्रिंगचे पाटे. काका, मागे माणसं किती असतात?"

"का?"

"पाटे त्यावर ठरतात. गाडी भरून चालत असेल तर कडक पाटे घालू, म्हणजे वजनाने बसणार नाही. रिकामी चालत असेल तर मऊ घालू. कडक पाट्यांवर रिकामी गाडी नुसती उडते."

ह्यांनी बाजूला नजर टाकली. गॅरेजात आणखी दोन ड्रायव्हर आपापल्या गाड्यांपाशी उभे होते. एके काळी हे सगळे एकाच स्टँडवरचे.

"फुल असते," हे म्हणाले.

"रोज?"

"रोज. उभी असतात माणसं."

धाकट्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. खरं सांगायचं तर पलीकडून डांबरी रस्ता झाल्यापासून लोक तिकडे राहायला गेले होते. वरच्या वस्तीत उरली होती तीन डोकी: सुईणबाई, शाळेतून रिटायर झालेले मास्तर आणि त्यांची बायको. गाडी भरून माणसं मागे लोंबकळायची, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणूस बसायचा, हे अर्धे बाहेर राहून गिअर टाकायचे, ते दिवस कधीच गेले होते. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणारी बाई मी नाही. घरी पाडते.

घरीही नाही पाडलं. त्या दिवशी हे जेवताना दोनदा बोलले.

गाडी उंच करायचं किट बसवून झालं तशी पहिल्याच फेरीला मीही निघाले. ओढ्यात शिरताना मी सवयीने दात आवळून बसले. एरवी त्या मोठ्या दगडापाशी खालून खर्रकन आवाज यायचा आणि ह्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा त्यांच्याच पोटावर ओरखडा उठला. आता दगड आला, खालून गेला, आवाज नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "समोर बघा." पण मलाही हसू आलं होतं.

जाताना गाडी जरा उडत होती. मला वाटलं, नवं सामान आहे, बसेल हळूहळू.

सुईणबाई दारातच पिशवी घेऊन उभी होती. तिने पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि कुणाचा हात न घेता आत चढली. वर जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "माझ्या मापाची शिवलीस रे गाडी!" ह्यांनी उगाच आरसा पुसला.

मास्तर आणि त्यांची बायको त्या दिवशी येणार नव्हते. मागे सुईणबाई एकटी आणि तिची पिशवी.

उतार लागला आणि गाडी उडायला लागली. एकेका खड्ड्याला मागचा भाग सुटा झाल्यासारखा वर जायचा आणि दाणकन आदळायचा. हे वेग कमी कमी करत गेले, तरी तेच.

"अरे पोरा, गाडी आहे की सूप?" सुईणबाई मागून ओरडली. "पाखडतोस काय मला?"

"हळूच नेतोय, सुईणबाई."

"हळूहळू पाखडतोयस मग!"

मी हसले. हे हसले नाहीत. ओढा आला, मोठा दगड आला, खालून काही लागलं नाही, पण पलीकडे चढताना मागची चाकं एका खळग्यात जाऊन अशी उसळली की सुईणबाई सीटवरून उचलली गेली आणि पुन्हा आदळली. तिने एकदाच "आई गं" म्हटलं. त्यानंतर मागून शब्द आला नाही. मी वळून बघितलं. ती दोन्ही हातांनी कंबर धरून बसली होती, आणि तोंड मिटलेलं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडायला लावलं, तिला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिच्या पाठीचा मणका दबला होता, दवाखान्यात सांगितलं. तिचा मुलगा खाली बाजाराजवळ राहतो, तो संध्याकाळी आमच्याकडे आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं, मी तयार होते. पण तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "काका, आईला आता वर नाही पाठवत. तिचं वर आहे काय तरी? चार भांडी. ती घेऊन याल का, जमेल तसं?"

"आणतो," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही भांडी घेऊन तिला बघायला गेलो. मुलाच्या घरात तिला खिडकीशी पलंग दिला होता. खिडकीतून दुसऱ्या घराची भिंत दिसत होती. हे उभेच राहिले. मी म्हटलं, "बसा की." बसले नाहीत.

"पायाचं माप घेतलंस, पोरा," सुईणबाई म्हणाली. "हाडांचं विसरलास."

"पाटे कडक पडले."

"का रे घातलेस कडक?"

ह्यांनी आणलेली भांडी कोपऱ्यात सारली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ह्या बाईला माणसाच्या तोंडावरून पोटातलं कळायचं, तिचा धंदाच तो. ती पुढे काही विचारायला गेली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू का गं अशी उभी, सासू मेल्यासारखी? जा, ह्यांच्या घरात चहाला आलं घालत नाहीत, तू घाल."

सुईणबाई खाली आली आणि वरची वस्ती कोसळली, भिंतींना काही न होता. मास्तरांच्या बायकोला एकटं वाटायला लागलं. दिवेलागणीला समोर एकही खिडकी उजळत नाही म्हणाली. त्यांच्या लेकीने दोघांना बोलावून घेतलं.

त्यांचं सामान आणायला गेलो तेव्हा मागे दोन ट्रंका चढल्या, गाद्या, शिलाई मशीन, पुस्तकांची पोती, लोखंडी पलंगाचे तुकडे आणि वर ते दोघं नवराबायको. गाडी गच्च भरली. मागचे पाटे त्या वजनाने बसले आणि आमची जीप उतारावरून अशी उतरली जशी पाण्यातून होडी. एकही गचका नाही. ओढ्यातल्या दगडावरून गेली तेव्हा मास्तरांच्या बायकोच्या मांडीवरची काचेची बरणीसुद्धा वाजली नाही.

"वा!" मास्तर मागून म्हणाले. "लोक उगाच नावं ठेवतात. किती मऊ चालते आता!"

ह्यांनी आरशात पाहिलं आणि गिअर बदलला.

धाकटा रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, आता तरी विकू या. कुणासाठी चालवायची?" मी त्याच्या ताटात भात वाढला, त्याने मागितला नव्हता तरी. पोराचं तोंड बंद करायचा दुसरा मार्ग मला तेव्हा सुचला नाही. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर राग आला.

दुसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन गॅरेजला निघाले. मीही जाऊन शेजारी बसले.

"मागचे पाटे कमी कर," हे गॅरेजवाल्याला म्हणाले. "मऊ कर."

"काका, तुम्हीच म्हणालात ना, फुल असते म्हणून?"

स्टँडवरचे तेच दोघं ड्रायव्हर तिथे होते. एकजण तर अगदी जवळ उभा राहून चहा पीत होता. मी ह्यांच्या बाजूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, कारण खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. पण ह्यांनी मला हाताने थांबवलं.

"नसते," हे म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "फुल नसते."

चहा पिणारा दुसरीकडे बघायला लागला.

पाटे उतरवून कमी करून पुन्हा बांधेपर्यंत ऊन कललं. मला वाटलं, आता घरी जाऊ. पण ह्यांनी चौकातून गाडी वरच्या रस्त्याला घातली. मी "अहो" म्हटलं आणि पुढचं गिळलं. गाडी छान चालत होती. रिकामी असूनही उडत नव्हती, खड्ड्यात अलगद उतरत होती, अलगद वर येत होती. सुईणबाई मागे असती तर बसल्या बसल्या डुलकी काढली असती तिने.

वस्तीत शिरताना ह्यांनी रोजच्यासारखा दोनदा हॉर्न दिला. गाडी रोजच्या जागी वळवून, तोंड खाली करून उभी केली. इंजिन बंद केलं. उतरून मागचं दार उघडलं, सीटवरून फडकं फिरवलं आणि दाराशी उभे राहिले.

मास्तरांच्या दाराला कुलूप होतं. सुईणबाईच्या दाराला कुलूपही नव्हतं, नुसती कडी. तिच्या अंगणातल्या दोरीवर एक फडकं विसरलं होतं, ते वाऱ्याने गोळा होऊन एका टोकाला गेलं होतं.

आम्ही थांबलो. हे रोज जेवढे थांबायचे तेवढे थांबलो. मग ह्यांनी दार लावून घेतलं, पुढे येऊन बसले आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "आज कुणी दिसत नाही."

माझ्या जिभेवर बरंच काही होतं.

"आज बाजाराचा दिवस नाही ना," मी म्हटलं.

"हां," हे म्हणाले. "बाजार नाही."

त्यांनी गाडी सुरू केली आणि मागे कुणी म्हातारं माणूस बसलंय अशा बेताने, ब्रेकवर पाय ठेवत, एकेक चाक खड्ड्यात हलकेच सोडत, खाली उतरवायला लागले.