पेटन्सीचा वाक्यात उपयोग

चंदनबालाबाई सांगली सोडून कायमच्या मुलाकडे पुण्याला जाणार की नाही, हे आज ठरायचं होतं. मुलाचा, आर्जवचा फोन संध्याकाळी येणार होता. त्यांनी इथंच राहावं, एवढंच मला म्हणायचं होतं. मेढ्याच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण असलं वाक्य मला मराठीतही जुळवता येत नाही.

वाचनालयाच्या मागच्या कट्ट्यावर आम्ही डबे उघडले. बाई जैन, दिवस मावळायच्या आत जेवतात. गेल्या दिवाळीपासून मीही त्याच वेळी जेवतो. पित्तामुळे, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

शिपाई ज्ञानू खिडक्या लावत होता. "सर, तुमचं पित्त लय शाणं हाय. बाई गावाला गेल्या की त्येबी गावाला जातंय!"

मी खाली बघून भाकरी मोडली.

"लालासाहेब, हा शब्द बघा." बाईंनी हातातल्या इंग्रजी पुस्तकावर बोट ठेवलं. "पेटन्सी. म्हणजे काय हो?"

हायसं वाटलं. "उघडपणा. एखादी गोष्ट इतकी समोर असते की सांगावीच लागत नाही, तो तिचा गुण. फारसं कुणी वापरत नाही, बोलण्यात तर नाहीच. डॉक्टर लोक रक्तवाहिनी मोकळी असण्यालाही म्हणतात, पण इथं तो अर्थ नसावा. असं मला वाटतं. घरी कोश बघून सांगतो."

"मला तुमचा अर्थ चालेल. वाक्यात उपयोग करा."

"त्याच्या थापेची पेटन्सी..." मी अडखळलो. "म्हणजे त्याची थाप इतकी उघड होती, की कुणी त्याला काही विचारलंच नाही."

बाई हसल्या नाहीत. "विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगूच नये? दिसत असलं तरी ऐकावंसं वाटतं हो माणसाला."

मी घास परत डब्यात ठेवला. समोर ऊन भिंतीवरून वर सरकत होतं.

"बाई, मला पित्त नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हतं. तुम्ही जाऊ नका."

"आवं सर, समद्या सांगलीला ठावं हाय!" आतून ज्ञानूचा आवाज आला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आर्जव, दिवाळीला येईन रे, चार दिवस. राहायला नाही," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी माझ्या डब्यात डोकावलं. "लसणाची चटणी? रोज माझ्या शेजारी बसून?"

त्यांनी आपली बिनलसणाची शेंगाची चटणी माझ्या झाकणावर वाढली.

"उद्यापासून ही खायची. आवरा आता, दिवस मावळतोय."