रोझलिंडच्या गॅरेजमधली खरी नावे

मित्रांनो, कपाटाला तोंड नसते असे तुम्हाला वाटत असेल, तर तो तुमचा गैरसमज आहे. मला चार आहेत. चारही खण पोलादी आहेत आणि त्यातला सगळ्यात खालचा ओढला की असा किंचाळतो, की शेजारच्या अंगणातले घोडे कान टवकारतात. माझा मूळचा रंग राखाडी. आता कुठे राखाडी आहे, कुठे गंज आहे आणि एका अंगाला मालकिणीच्या नवऱ्याने, वेंडेलने सांडलेला निळा आहे. मी फायली ठेवायचे जुने कपाट असलो, तरी मला कुणी अडगळ म्हटलेले खपत नाही.

माझी पहिली वीस वर्षे व्हॅन नाइस या गावातल्या एका दंतवैद्याकडे गेली. कुणाची दाढ किडली, कुणाचा सुळा पडला, सगळे माझ्या पोटात असायचे. डॉक्टर म्हातारे झाले आणि त्यांनी दवाखाना मोडला, तेव्हा मला खुर्च्या आणि कुंड्यांसोबत हिरवळीवर विकायला मांडले. येणारा-जाणारा टिचक्या मारून बघे आणि पुढे जाई. दुपारपर्यंत मी उन्हात तापत उभा होतो. मग रोझलिंड टॅकेट आली. तिने चारही खण ओढून पाहिले, खालचा किंचाळला तशी ती हसली, आणि मला जवळच्याच चॅट्सवर्थ गावातल्या आपल्या गॅरेजमध्ये घेऊन आली.

रोझलिंडचा धंदा फक्त प्रौढांनी पाहायच्या, उघड्या अंगाच्या चित्रांचा होता. आधी ती अशा चित्रांतल्या लोकांचे चेहरे कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी रंगवायची. पुढे तिने स्वतःचे संकेतस्थळ काढले. चॅट्सवर्थमध्ये त्याचे कुणाला नवल नव्हते. एका गल्लीत घोड्यांना नाल ठोकणारा राहतो, पुढच्या गल्लीत अशी एखादी रोझलिंड. खोटे कशाला बोलू, दंतवैद्याकडे वाढलेल्या मला सुरुवातीला फार लाज वाटली. पण चित्रे संगणकात असत. माझ्याकडे यायचे ते कागद. गाडी चालवण्याच्या परवान्याची प्रत आणि सहीचे संमतिपत्र. जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग, घरचा पत्ता. कागदावर सगळी माणसे सारखीच असतात. माझी लाज आठवड्याभरात गेली.

तेव्हा एकच खण कागदांचा होता. दुसऱ्यात नाताळचे दिवे होते आणि उरलेले दोन रोझलिंडच्या नवऱ्याने, म्हणजे वेंडेलने बळकावले होते. तो ट्रक दुरुस्त करण्यात हयात घालवून निवृत्त झाला होता. त्याचे पाने आणि तेलकट फडकी माझ्या पोटात घेऊन मी मुकाट उभा असे. ते दिवस मी आनंदाने काढले असे म्हणणार नाही.

एका वसंतात वॉशिंग्टनहून नवा नियम आला. तोवर चित्रे काढणाऱ्याने कागद ठेवले की भागत असे. आता ती चित्रे घेऊन नुसती आपल्या पानावर लावणाऱ्यानेही ते ठेवायचे होते. चित्रातला प्रत्येक माणूस सज्ञान असल्याचा पुरावा, त्याचे खरे नाव, धंद्यात त्याने लावलेले प्रत्येक नाव, आणि कोणते चित्र कोणत्या पानावर आहे त्याची यादी. आठवड्याचे वीस तास कचेरी उघडी ठेवायची, कारण सरकारी माणूस न सांगता येणार. कागद सांभाळणाऱ्याचे नाव आणि पत्ता संकेतस्थळावर जाहीर करायचा. चुकले तर तुरुंग.

“नियम चुकीचा नाही,” रोझलिंड म्हणाली. “सज्ञान नसलेलं कुणी या धंद्याच्या आसपास फिरकता कामा नये. त्यासाठी मी अशी दहा कपाटं ठेवीन.”

“मग कुणावर एवढी भांडी आपटतेयस?” वेंडेलने विचारले.

“माझ्या घराचा पत्ता साऱ्या जगाला द्यायचा, त्यावर! आणि तो बुडापेस्टचा मिक्लोश. असंच संकेतस्थळ चालवतो, माझीच गिऱ्हाइकं पळवतो, आणि परदेशात बसल्यामुळे त्याला यातलं काही म्हणजे काही लागू नाही.”

त्याच संध्याकाळी वेंडेलचे पाने माझ्यातून बाहेर निघाले. नाताळचे दिवेही गेले. मला इतके बरे वाटले की काय सांगू!

रोझलिंडने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. एकूण एकसष्ट माणसे होती. तिला फोनचा आवाज मोठा करून बोलायची सवय, त्यामुळे दोन्हीकडचे मला ऐकू येई. त्यातली ग्लेंडा प्रुइट माझ्या चांगली लक्षात आहे. तिने हा धंदा केव्हाच सोडला होता आणि आता ती फ्रेझ्नोला जनावरांच्या दवाखान्यात, पुढच्या टेबलापाशी बसत असे.

“ग्लेंडा, तू कोणकोणती नावं लावलीस तेवढी सांग. नियमाने सगळी लिहावी लागतात.”

“थांब गं, डॉक्टर मांजराला टोचायला आत जाऊ देत. हं, लिही. डेझी. मग स्कार्लेट वेल. आणि एकदा एका दिवसापुरतं काहीतरी फ्रेंच होतं.”

“फ्रेंच काय?”

“मला तेव्हाच धड म्हणता येत नव्हतं, आता कुठून आठवणार!”

दोघी खूप हसल्या. मग ग्लेंडाचा आवाज खाली आला. “रोझ, माझी चित्रं काढून टाकशील का? इथे मला कुणी त्या नावाने ओळखत नाही.”

“आत्ता काढते. पण कागद मला ठेवावाच लागेल. चित्र गेलं तरी कागदाला सुट्टी नाही, अजून चार वर्षं.”

“ठेव. पण त्या कपाटाबाहेर जाऊ देऊ नकोस. शपथ घे.”

“घेतली,” रोझलिंड म्हणाली, आणि तिने माझ्यावर हात ठेवला. तेव्हा ती शपथ माझीही झाली असे मी समजतो.

ही शपथ तिला महागात पडली. तिची चित्रे आणखी तीस संकेतस्थळे लावत असत. नव्या नियमाने त्या सगळ्यांना कागदांच्या प्रती हव्या होत्या. म्हणजे ग्लेंडासारख्यांची खरी नावे आणि घरचे पत्ते तीस अनोळखी माणसांच्या घरी जाणार. ज्यांनी खुशीने हो म्हटले, त्यांच्या प्रती रोझलिंडने पाठवल्या. बाकीच्यांसाठी तिने साफ नकार दिला आणि ती चित्रे सगळीकडून उतरवली. जे सापडलेच नाहीत त्यांचीही उतरवली. जूनअखेर तिची निम्मी पाने रिकामी झाली.

आणि मग ती माझ्याशेजारी बसू लागली. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते एक. पंखा, थंड चहा आणि मी. जुलैमध्ये गॅरेजचे पत्रे तापून माझ्या अंगाला हात लावता येत नसे, तरी ती जागची उठत नसे. सरकारी माणूस काही येईना. पत्ता वाचून भलतेच लोक मात्र यायचे. एकाला नोकरी हवी होती. दुसरा तिला पापातून सोडवायला धर्माची पत्रके घेऊन आला. परत जाताना त्याची गाडी सुरू होईना, तेव्हा वेंडेलनेच ती दुरुस्त करून दिली आणि चार पत्रके हात पुसायला ठेवून घेतली.

“साहेब येणार म्हणून रोज केस विंचरून बसतेस,” वेंडेल म्हणे. “माझ्यासाठी कधी विंचरले नाहीस.”

“तू न सांगता कधी आलास? तुझ्या बुटांचा आवाज नाक्यापासून येतो.”

ऑगस्टमध्ये मिक्लोशचा फोन आला. मोठा गोडबोल्या माणूस.

“मॅडम, का जिवाला त्रास करून घेता? सगळं मला विकून टाका. चित्रं तेवढी द्या. कागद जाळून टाका, इथे कुणी विचारत नाही.”

“ज्याला कागद नकोत, त्याच्या हाती मी माझी माणसं देणार नाही,” रोझलिंड म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पंधरवडाही गेला नसेल. एका सकाळी ग्लेंडाचा फोन आला आणि आधी बराच वेळ नुसते रडणेच ऐकू आले. तिची जुनी चित्रे मिक्लोशच्या पहिल्या पानावर होती. रोझलिंडच्या पानावर ती असताना त्याने कधीतरी गुपचूप त्यांच्या प्रती करून घेतल्या होत्या. दवाखान्यातल्या एकाने ती पाहिली होती आणि आता कुजबुज सुरू झाली होती.

“तू काढली होतीस ना गं?” ग्लेंडा पुन्हा पुन्हा विचारत होती. “मला वाटलं, आता ती कुठेच नाहीत.”

रोझलिंडने तिथल्या तिथे बुडापेस्टला फोन लावला. मिक्लोशने शांतपणे ऐकून घेतले.

“ही चित्रं तुमची कशावरून, मॅडम? पुरावा पाठवा. त्या बाईंचं संमतिपत्र, परवाना, सगळं. मग बघू.”

पुरावा माझ्या दुसऱ्या खणात होता. रोझलिंडने तो बाहेर काढला, प्रती काढायच्या यंत्राचे झाकण उघडले, आणि ती कागद हातात धरून तशीच उभी राहिली. माझा खण उघडा होता. मित्रांनो, रिकामी जागा मला दाढ उपटल्यासारखी दुखत होती.

“पाठव की,” वेंडेल म्हणाला. “पत्त्यावर काळी पट्टी मार.”

“आणि नावाचं काय करू? नाव झाकलं तर तो म्हणणार, हा कागद कुणाचाही असेल. नाव दाखवलं तर उद्या तेच चित्राखाली छापेल. आज ती फ्रेझ्नोत लपू तरी शकते.”

तिने कागद परत माझ्यात ठेवला. पण ती हरलेली नव्हती. ती टेबलाशी बसली आणि मिक्लोशची गिऱ्हाइके ज्या कार्ड कंपनीतून पैसे भरत, त्या कंपनीला तिने पत्र लिहिले. मिक्लोशने लावलेली ही चित्रे माझी आहेत आणि माझ्याजवळ पुरावा आहे. तो मी पाठवणार नाही. तुमचा माणूस सोमवार ते शुक्रवार नऊ ते एक माझ्या घरी येऊन पाहू शकतो. पत्ता साऱ्या जगाला जाहीर आहेच.

कंपनीने उत्तर दिले, प्रत पाठवा. रोझलिंडने लिहिले, नाही, या. कंपनीने पुन्हा तेच लिहिले, तिनेही पुन्हा तेच. तिकडे फ्रेझ्नोत ग्लेंडाने दवाखान्यात जाणे बंद केले होते. अकरा पत्रे झाली. वेंडेलही थट्टा करायचा थांबला आणि पाकिटे चिकटवू लागला.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी गाडी थांबली. सूट घातलेला, घामाघूम झालेला एक माणूस आत आला. रोझलिंड ताडकन उठली, चारही खण उघडले आणि म्हणाली, “या साहेब. यादी नावाने आहे, पानानेही आहे. सगळं जागेवर आहे.”

“बाई, मी सरकारचा नाही हो,” तो गोंधळून म्हणाला. “मी व्हिटकॉम, कार्ड कंपनीचा. तुमच्या पत्रांनी आमच्या कचेरीत सगळ्यांना वेड लावलंय.”

ग्लेंडाची फायल उघडली. व्हिटकॉमने तारीख पाहिली, सही पाहिली, परवान्यावरचा चेहरा मिक्लोशच्या पानावरच्या चेहऱ्याशी पडताळला. मग त्याने खिशातून छोटा कॅमेरा काढला.

“तो आत ठेवा,” रोझलिंड म्हणाली.

“बाई, साहेबांना दाखवायला काहीतरी लागेल ना?”

“तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत, हे लिहा. तुमच्या शब्दाला तिथे काही किंमत असेलच की.”

मग त्याने कॅमेरा खिशात टाकला, माझ्या डोक्यावर वही ठेवली आणि लिहिले की त्याने पुरावा पाहिला, आणि चित्रे याच घरची आहेत. माझ्यावर आजवर पुष्कळ जणांनी पुष्कळ काही ठेवले, पण इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

आठव्या दिवशी ती चित्रे उतरली. कार्डाने पैसे घेणे बंद करू असे कंपनीने बजावल्यावर मिक्लोशने स्वतःच काढली.

“एका बाईसाठी एवढा खटाटोप, मॅडम?” त्याने फोनवर विचारले.

“हो,” रोझलिंड म्हणाली.

मिक्लोशचा धंदा अजून जोरात चालतो, हे मी लपवणार नाही. रोझलिंडचा पूर्वीच्या निम्माच उरला आहे. सरकारी माणूस आजपर्यंत आलेला नाही. पण नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी ग्लेंडा आली, चार तास गाडी चालवत. तिने स्वतःची फायल मागितली. उभ्याउभ्याच वाचली. परवान्याच्या प्रतीवरच्या आपल्याच फोटोकडे ती कितीतरी वेळ बघत होती.

“किती घाबरलेली दिसतेय ही,” ती म्हणाली.

“तीन तास परवान्याच्या रांगेत उभी होतीस. कोण घाबरणार नाही!”

ग्लेंडा हसली नाही. तिने फायल छातीशी धरली. “रोझ, मी ही घेऊन जाते.”

“नाही नेता येणार. चार वर्षं, सांगितलं होतं ना.”

“आणि तोवर तू मेलीस तर? मग हे कुणाच्या हातात पडेल?”

हा प्रश्न नियमात कुठे लिहिलेला नाही. रोझलिंडने दारातल्या वेंडेलकडे पाहिले. मला वाटले, आता फायल गेली, आणि खरे सांगतो, गेली असती तरी मी ग्लेंडाला दोष दिला नसता. पण तिने ती स्वतःच्या हाताने माझ्या दुसऱ्या खणात ठेवली आणि खण हळूच आत ढकलला.

“मग चार वर्षं जगून दाखव,” ती म्हणाली.

“दाखवते,” रोझलिंड म्हणाली.

मित्रांनो, तुमचीही नावे आणि पत्ते कुणाच्या ना कुणाच्या खणात पडलेले असतात. दवाखान्यात, बँकेत, कचेऱ्यांत. कागद ठेवा असा हुकूम सोडणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही आपला कागद देताना एवढे जरूर विचारा, की याच्याशेजारी बसणार कोण? आणि कुणाचा कागद तुमच्याकडे आला, तर बसा. ऊन असो, कुणी येवो न येवो, बसा. उद्या सोमवार आहे. नऊला रोझलिंड येईल, आणि मी इथेच असेन.