‘झाली’ लिहिलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलंही नसेल. पाठ्यपुस्तकाएवढं काळं खोकं, पोटात दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली लांबच लांब फीत, एवढाच माझा देह. आम्हा कॅसेटींवर जे शेवटचं उमटेल तेच पडद्यावर दिसतं. आधीचं पुसलं जातं. मला मात्र ते सगळं आठवतं, आणि हेच माझं दुखणं आहे. म्हणून आज मन मोकळं करते.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं, पाच स्क्रू पिळले आणि पुठ्ठ्याच्या कोटात घातलं. पुढचे आठ महिने मी एका दुकानाच्या काचेमागे ऊन खात पडले. शेवटी आगीच्या बंबावर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मला घरी आणलं. घरात ते, त्यांची बायको, पंधरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलाला सगळे दादा म्हणत आणि मुलीला धाकटी. मीही तेच म्हणते.

धाकटी जिन्यावरून पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. तीन महिने हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एरवी वाऱ्यासारखी भटकणारी पोर, पण आता पाणी प्यायलाही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची. तिची खाट टीव्हीसमोर आणून ठेवली आणि तिच्यासाठीच मला विकत आणलं.

त्या दिवसांत दर रविवारी सकाळी साडेसातला एक कार्टून लागायचं. रविवारी साडेसातला! म्हणजे कुणी बघू नये अशीच वेळ. नाव होतं ‘छत्रीवाला खवल्या’. एक खवले मांजर गावोगाव फिरून छत्र्या दुरुस्त करायचं. कुणी जरा वाकडं बोललं की ते अंगाचा गोळा करून रस्त्यातच पडायचं. मग गिऱ्हाईक, कुत्री, पोस्टमन सगळे त्याची मनधरणी करायचे. चित्रं अगदी गरिबाघरची. खवल्या चालायला लागला की मागून तेच झाड सहा-सहा वेळा जायचं. तिसऱ्या भागात तर क्षणभर त्याची शेपटीच काढायची राहिली होती. दादा म्हणायचा, “काय ते भिकार कार्टून बघतेस गं!” धाकटी म्हणायची, “तुला काय कळतंय? त्याला रुसता येतं, तुला तेही येत नाही.”

खवल्याचा आवाज मात्र असा होता की ऐकतच राहावं. जरासा घोगरा, जरासा भित्रा, हळूच हसणारा. धाकटी वेदनेनं कण्हत असली तरी तो आवाज आला की गप्प व्हायची. बारा-बारा मिनिटांचे तेरा भाग तिनं तेरा रविवारी माझ्या अंगावर उतरवून घेतले. शेवटच्या रविवारी तिनं मला पुन्हा सुरुवातीपर्यंत गुंडाळलं, लाल पेन मागितलं आणि माझ्या पट्टीवर मोठ्या आनंदानं लिहिलं: ‘झाली’. तेराही भाग भरून झाले, असं तिला म्हणायचं होतं.

घात झाला तो इथे. त्या घरात बाबांची एक पद्धत होती. रेकॉर्ड करून ठेवलेला सामना किंवा सिनेमा सगळ्यांनी बघितला, की ते त्या कॅसेटवर लाल पेनानं ‘झाली’ लिहायचे. बघून झाली, आता हिच्यावर दुसरं काही घ्यायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. धाकटीला ही पद्धत ठाऊक होती, पण त्या सकाळी ती हरखून गेली होती हो. माझ्या पाठीवर एक प्लास्टिकची चिप असते. ती मोडली की माझ्यावर दुसरं काही उमटवता येत नाही. “बाबा उद्या ड्यूटीवरून आले की मोडून घेऊ,” असं ती आईला म्हणालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आई तिला प्लास्टर कापायला दवाखान्यात घेऊन गेली. घरात दादा एकटा. बाराच्या सुमारास शेजारचे काका धावत आले. “अरे, टीव्ही लाव, टीव्ही! तुझे बाबा बातम्यांत दाखवतायत!” गोदामाला आग लागली होती आणि बाबांनी आतून दोन कामगार बाहेर काढले होते. दादाची धांदल उडाली. त्यानं कॅसेटींच्या चळतीत हात घातला, लाल अक्षरात ‘झाली’ दिसलं आणि त्यानं मला मशीनमध्ये ढकलून लाल बटण दाबलं.

बाबा चार मिनिटं दिसले. तेवढ्यावर त्यानं मला थांबवलं असतं, तर पहिल्याच भागाचा तुकडा गेला असता. पण बाबांना बघून पोराला इतका आनंद झाला की मशीन तसंच सोडून तो धूम पळत सुटला, अख्ख्या गल्लीला सांगायला. मी फिरत राहिले. मित्रांनो, आमच्याकडे ओरडायला तोंड नसतं. बातम्या संपल्या, हवामान झालं, पोहण्याच्या शर्यती सुरू झाल्या आणि माझ्या अंगावरून एकेक भाग पुसला जात होता. छत्र्या गेल्या, पोस्टमन गेला, ते सहा वेळा जाणारं झाड गेलं. दोन तास वीस मिनिटांनी दादा परत आला तेव्हा शेवटची सोळा मिनिटं तेवढी उरली होती.

त्यानं मला मागे-पुढे करून पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. तेवढ्यात धाकटी लंगडत दारात आली, आईच्या खांद्याला धरून, तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर! ती हसत होती. अशा वेळी कसं सांगायचं? आज नको, उद्या सांगू, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं मला गुपचूप कोटात घातलं.

धाकटीला कुणीतरी सांगितलं होतं की कॅसेट सारखी लावली की झिजते. तिनं मला एका स्वच्छ रुमालात बांधलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. “आता मोठी झाल्यावरच बघणार,” ती म्हणाली. आणि ती खरंच थांबली! एवढं प्रेम आणि एवढा संयम, पण आत काय राहिलंय ते बघायला कधी रुमाल सोडला नाही.

पुढच्या वर्षी तेच कार्टून पुन्हा लागलं. तोच रविवार, तीच वेळ. आई म्हणाली, “अगं, घ्यायचं असेल तर घे की रेकॉर्ड करून.” धाकटी म्हणाली, “कशाला? माझ्याकडे आहे सगळं.” दादा तिथेच बुटाची नाडी बांधत बसला होता. मी कपाटातून ऐकत होते. बोल रे, बोल, अशी माझी दोन्ही चाकं आतल्या आत ओरडत होती. त्यानं नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि तो बाहेर निघून गेला. असे तेरा रविवार गेले. त्यानंतर ते कार्टून कुठेही, कधीही लागलं नाही. वर्षभरात मशीनही बिघडलं आणि घरानं माझा नाद सोडला.

तीस-पस्तीस वर्षं मी अंधारात काढली. बाबा गेले, मग आई गेली. दादा लिफ्ट दुरुस्त करायला लागला. धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासू लागली. पण खवल्या तिच्या मनातून गेला नाही. जगानं विसरलेल्या कार्टूनवर जीव टाकणाऱ्या अकरा जणांची एक मंडळी होती, त्यांत ती सामील झाली. एकमेकांना पत्रं लिहायची, कुठलं कार्टून कुणाकडे सापडतंय ते विचारायचं, हा त्यांचा छंद. घरचे कपाळाला हात लावायचे, पण ती मंडळी खुशाल होती. त्यांचे म्होरके होते एक दातांचे डॉक्टर. धाकटीनं त्यांना कळवलं, ‘खवल्याचे तेराही भाग माझ्याकडे आहेत.’ डॉक्टरांचा विश्वासच बसेना. टीव्ही केंद्रानं आपल्या फिती केव्हाच पुसून वापरल्या होत्या. मूळ रिळं गोदामात पाणी शिरून कुजली होती. जगात फक्त मीच उरले होते.

मग एका दुपारी डॉक्टर जुनं मशीन घेऊन धाकटीच्या घरी आले. सोबत एक म्हाताऱ्या बाई होत्या. ती सगळी चित्रं त्यांनी काढली होती, आणि खवल्याचा आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता. बाई बसल्या बसल्याच म्हणाल्या, “तेरावा भाग मुका आहे हं. तोवर त्यांचा घसा गेला होता. त्याच वर्षी तेही गेले. माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही. चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही. बारा भाग ऐकायला मिळाले तर पुरे.”

धाकटीनं मोठ्या मानानं दादालाही बोलावलं होतं. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. डॉक्टरांनी माझ्यावरची धूळ पुसली, मशीनला संगणक जोडला आणि मला आत सरकवलं.

पडद्यावर बाबा दिसले. काजळीनं काळे झालेले, तरुण. “अगं बाई, बाबा!” धाकटी किंचाळली. मग गोंधळून म्हणाली, “पण ही कॅसेट… ही माझीच आहे ना?”

दादा उभा राहिला. “तुझीच आहे,” तो म्हणाला. “मी घालवली. त्याच दिवशी. वर ‘झाली’ लिहिलं होतं…”

“मी भरून झाली म्हणून लिहिलं होतं रे!”

“नंतर कळलं ते.”

“आणि पुन्हा लागलं तेव्हा? तू तिथेच होतास की, दादा.”

“आधी तू रडशील म्हणून भ्यालो. मग, आधी का नाही सांगितलंस, असं विचारशील म्हणून भ्यालो.” एवढा बाप्या माणूस, पण त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

बाईंनी विचारलं, “शेवटी काही उरलंय का?” दादानं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, “पुढे पळवायला नको, जुनी फीत आहे, तुटेल.” म्हणून सगळे बसून राहिले. हवामान पाहिलं, पोहण्याच्या शर्यती पाहिल्या. तब्बल दोन तास वीस मिनिटं.

मग कार्टूनचे रंग आले. बाराव्या भागाची शेवटची चार मिनिटं. पण मित्रांनो, माझं नशीब बघा. त्या चार मिनिटांत खवल्या रुसून गोळा होऊन पडलेला! सगळे त्याला हाका मारतात, दार वाजवावं तशी त्याची पाठ वाजवतात, आणि तो गप्प. अगदी शेवटी पोस्टमन विचारतो, “खवलेभाऊ, आहात का?” आणि आतून आवाज येतो, घोगरा, भित्रा, हळूच हसणारा:

“मी घरी नाही.”

बस, एवढंच. पुढचा भाग मुका.

बाई आधी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी दोन्ही तळहात तोंडावर दाबले. “असेच म्हणायचे हो,” त्या म्हणाल्या. “कुणाशी बोलायचं नसलं की घरातही असेच म्हणायचे.” डॉक्टरांनी ते तीन शब्द उतरवून घेतले आणि त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवले. बाकीच्या भागांतलं त्यांचं हसणं, गाणं, बडबड मी जन्मभर आठवत राहीन, पण ते मला कुणाला ऐकवता येणार नाही.

निघताना दादा त्यांच्या पाया पडायला वाकला. “मला रागवा हो,” तो म्हणाला. बाई म्हणाल्या, “नाही रे बाबा. रागवायला अंगात बळ लागतं.” धाकटीनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तो चहा तसाच निवला.

आता मी डॉक्टरांच्या थंड कपाटात आहे. तिथे माझी निगा उत्तम राखतात. तुमच्याही घरात कुणी काही जपून ठेवलं असेल, तर ते अधूनमधून उघडून बघा. आणि तुमच्या हातून कुणाची वस्तू बिघडली, तर त्याच दिवशी सांगून टाका. रडारड होईल, ओरडा बसेल, दोन दिवस कुणी बोलणार नाही. होऊ द्या. उशिरा सांगितलंत तर माफीसुद्धा मिळेल, पण गेलेला आवाज काही मिळायचा नाही.