मुंगी लागली, कर लागला

चोवीसशे रुपये. मंडईच्या जत्रेत एका दिवसात आपल्या ठेल्यावरून लिंबूवाल्या थंड्याच्या सहाशे बाटल्या उठणार आणि बाटलीमागे चार सुटणार, हा उदारामचा हिशेब. दिवाळीनंतर गोरेगावकडच्या त्याच्या गावात मंडई भरली की पाहुणा आधी गळा ओला करतो, मग नाटकाला जागा धरतो.

पण सरपंच शामकलाबाईंनी ग्रामसभेत अट घातली. मंडईत दुकान लावायचं, तर थंड्याच्या बाटलीमागे पाच रुपये जास्त घेऊन पंचायतीत भरायचे. त्यातून गावकऱ्यांच्या रक्तातली साखर तपासायची. त्यांच्या भासऱ्याचा, म्हणजे थोरल्या दिराचा, पाय साखरेनंच नेला होता. उदाराम विरोधाला उठलाच नाही. "लिहा ना वहिनी, फक्त 'गोड थंडा' असं नीट लिहा," एवढंच म्हणाला. तसं लिहिलं गेलं.

मंडईच्या सकाळी तो पेट्यांपुढे हात जोडून उभा. "वहिनी, कर गोडावर. हा तं आंबट आहे. इचारा कोणालेबी!"

विचारलं. ज्याला ज्याला त्यानं फुकट घोट पाजला होता, तो तो आंबटच म्हणाला.

"फुकटाचा घोट पिऊन जीभ खरं कायले बोलन, भाऊजी?" शामकलाबाई म्हणाल्या. "फितणार नाही असे पंच बसवू."

कडुनिंबाच्या बुडाशी दोन थाळ्या ठेवल्या. एकीत उदारामची एक बाटली ओतली, दुसरीत बचत गटाचा मिठाचा मठ्ठा. गर्दी जमली. पाव तासात मुंग्यांची रांग निघाली, मठ्ठ्याला वळसा घालून थेट थंड्यावर.

कोतवाल बकाराम ओरडला, "मुंगी लागली, कर लागला!"

झालं! दिवसभर कोणी बाटलीला हात घातला की मागून आरोळी, "मुंगी लागन रे!" पंचविसाची बाटली ठेवून लोक दहाचा मठ्ठा मागू लागले. दुपारी उदारामनं न फोडलेल्या पेट्या परत धाडल्या आणि गटाकडून मठ्ठ्याची मडकी आणली, ग्लासामागे तीन रुपयांच्या बोलीवर.

"काऊन भाऊजी, हा तरी आंबट ना?"

"पंचाईले इचारा, वहिनी!"

रात्रीचं नाटक सुरू होईतो सातशे ग्लास उठले होते. उदारामला मठ्ठ्यातून एकवीसशे सुटले. पंचायतीत एक्याण्णव बाटल्यांचा कर जमला, पंचवीस जणांची साखर तपासता येईल एवढा. नव्वद बाटल्यांचा गिऱ्हाइकांनी भरला. एक्याण्णवावी मुंग्यांनी प्यायली होती; तिचे पाच उदारामनं भरले.