दहा व्होल्ट, अर्धा अँपिअर

ज्ञानू सिग्नल पलटणीतून पाय अधू करून घरी आला, तो दोन गोष्टी घेऊन: एक विजेचं मीटर आणि एक भलंमोठं तोंड. पारावर टेकला की सुरू. "व्होल्टाला अँपिअरनं भागा, विजेचा अडथळा हातात! ओहमात मोजून घ्या. आरं, जबलपूरला गोऱ्या सायबानं पाठ थोपटली व्हती माजी." गाव रहिमतपूरच्या अलीकडचं, तिथं वीज कुठली? लोक ऐकायचे आणि तंबाखू मळायचे.

त्याचा धाकटा भाऊ केरबा तिकडं इटलीत लढत होता. एक दिवस भरती ऑफिसातून सांगावा आला: येत्या रविवारी संध्याकाळी फौजेतली पोरं रेडिओवरून घरच्यांशी बोलणार, त्यात केरबा आहे.

अंबूबाई, त्या दोघांची आई, चुलीपुढून तशीच उठली. "माजा केरबा बोलणार? मला ऐकू यील?"

"यील म्हंजी? ज्ञानूचा सबूद हाय, आये." लय बोलला गडी!

सांगलीच्या धन्यकुमार शेठच्या पेढीवर त्यांची हळद जायची. शेठनं पेढीवर नवा रेडिओ आणला होता, जुना ज्ञानूच्या हवाली केला. "घेऊन जा. आईला पोराचा आवाज ऐकू दे. पर आतले दिवे पेटवायची धाकटी बॅटरी फुटल्या बघ."

लढाईच्या दिवसांत नवी कुठून मिळणार? ज्ञानूनं उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीची बॅटरी मागून आणली. ती बारा व्होल्टांची, वरून डांबर ओतून बंद केलेली, मधूनच तार काढायची सोय नाही. आणि रेडिओच्या आतल्या काचेच्या दिव्यांना हवे दोनच व्होल्ट. सगळे दिले तर दिवे फटकन उडणार. म्हणजे वरचे दहा व्होल्ट वाटेतच जिरवायला हवेत. दिवे घेणार अर्धा अँपिअर. दहाला अर्ध्यानं भागलं, वीस ओहम. ज्ञानूनं रेशमी वेष्टणाची बारीक तार लाकडी रिळावर गुंडाळली, मीटर लावून तपासली, बरोबर वीस ओहमांवर तोडली. चोख काम. नाव ठेवायला जागा नाही.

पण बाबा रे, त्याच दोन आकड्यांचा गुणाकारही करायचा असतो! दहा गुणिले अर्धा, पाच वॅट. एवढी ऊब त्या चिमुकल्या रिळातून निघणार, तिला मोकळी हवा नको? पलटणीत शिकवलं होतं की हे. पण भागाकार जमला म्हणून गडी असा फुलला, की गुणाकार राहूनच गेला.

रविवारी अंबूबाईनं रेडिओ पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. आवाज येणार म्हणजे पोरच घरी येणार, अशी तिची समजूत. मग तिची नजर त्या रिळावर गेली. "ही तार अशी उघडी? चार माणसं येत्यात, बरं दिसतं व्हय?" केरबानं भरती व्हायच्या आधी बाजारातून आणलेला खण तिनं जपून ठेवला होता, शिवलासुद्धा नव्हता. तो तिनं रिळाभोवती घट्ट गुंडाळला.

आणि हा शहाणा बघत होता! "गुंडाळ, आये," म्हणाला वर हसून.

रेडिओ लागला. कुणी खंडाळ्याचा पोरगा बोलला, कुणी आणखी कुठला. ज्ञानूला जळका वास आला, त्याला वाटलं निरांजनाची वात चरचरतेय. मग आवाज एकदम चढला. "शिपाई केरबा, जिल्हा सातारा." कुणीतरी खाकरलं. अंबूबाईनं ते खाकरणंसुद्धा ओळखलं.

"आये..."

आणि फट्! रिळावरचं रेशीम जळून तारेला तार चिकटली, अडथळा कोसळला, दिवे गेले. खणातून धूर निघाला.

"बोल की रं बाळा," अंबूबाई पेटीला म्हणाली. "ज्ञानू, त्यो गप का झाला?"

ज्ञानूनं भाजत्या बोटांनी खण सोडवला. दहा गुणिले अर्धा त्याला तेव्हा आठवलं. "माजं गणित चुकलं, आये," तो म्हणाला. खणाचं नाव त्यानं काढलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही कधी नाही.

लाजेनं तो सांगलीकडं फिरकलाच नाही. दिवाळीच्या तोंडावर तार आली. केरबा इटलीत पडला होता.

अंबूबाई रडली, तिनं भिंतीवर डोकं आपटलं. एका सकाळी ज्ञानूला म्हणाली, "मेलेलं मानूस बोलत न्हाई, मला कळतंय. पर त्यो जित्तेपणी बोलला व्हता न्हवं? समद्या दुनियेनं ऐकलं आसंल. येक मीच न्हाई ऐकलं."

ज्ञानूचं काळीज फाटलं. तसाच शेठचा रेडिओ परत द्यायला डोक्यावर घेऊन तो लंगडत मोटारीवर गेला आणि सांगली गाठली. शेठच्या पायरीवर बसला आणि त्यानं विचारलं, "शेट, त्या रईवारी तुमी केरबाचं बोलणं ऐकलंत?"

"म्हंजे काय! पेढीवरची समदी ऐकत हुतो." शेठला वाटलं, भावाची आठवण काढायला आलाय. त्यांचे डोळे भरले. "किती गोड बोललं पोरगं. 'आये, मी सुखरूप हाय. रेडिओ ज्ञानूदादानं जोडला आसंल, म्हंजी तू ऐकतीयास, मला काळजी न्हाई.' एवढंच बोललं बघ."

परतीच्या मोटारीत ज्ञानू खिडकीला डोकं टेकून रडत राहिला.

अंबूबाई दारातच उभी होती. "काय म्हणला रं?"

"आये, मी सुखरूप हाय, म्हणला."

तिनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं डोळे पुसून तिनं पुन्हा वर पाहिलं.

"आनि?"

गावात ज्याचं तोंड कुणाला आवरत नव्हतं, तो ज्ञानू उंबऱ्यावर बसून पायातली वहाण सोडू लागला.

"आनि काय म्हणला, ज्ञानू? सांग की."