वाढलेले तांदूळ

"अगं, वाढ की अजून! पातेल्याकडे काय बघत बसलीस, मास्तरीण?"

तिने ताईच्या ताटलीत तिसरा डाव रिकामा केला. भात, वर मीठ, आणि बाजूच्या खोलीतल्या मुलीने सोडून दिलेल्या लोण्याचा शेवटचा तुकडा. गेल्या एकवीस दिवसांत त्या खोलीत शिजलेले हे पहिले अन्न होते. शिष्यवृत्तीचा कागद कोणत्या तरी टेबलावर सहीवाचून पडून होता आणि तोवर ती पाव खाऊन, विभागातल्या व्याख्यानांना न चुकता हजर राहून जगत होती. व्याख्यानांनंतर बिस्किटे मिळत. तिच्या ज्ञानलालसेचे विभागात कौतुक होते.

ताई नर्सिंग शिकत होती. परक्या देशात एकाच भाषेच्या दोघी एका खोलीत आल्या, त्यांतली पाच वर्षांनी मोठी म्हणून ती ताई. जेवता जेवता तिने विचारले, "तांदूळ आणलेस कुठून पण?"

"विभागातून. जास्तीचे होते."

"तुमचा विभाग तांदूळ वाटतो? आमच्याकडे कापूससुद्धा मोजून देतात बाई." उरलेला भात डब्यात भरत ताई उठली. "दोनची ड्यूटी आहे. येते गं."

"जातेस, तर जाते म्हण ना."

"तुझ्या बाबांना सांग, पोर अगदी तुमच्या वळणावर गेलीय," ताई हसली आणि गेली.

बाबा गणिताचे मास्तर. घरात गुळमुळीत बोललेले त्यांना खपत नसे. दिवा विझला म्हणायचे, बांगडी फुटली म्हणायचे, आणि आजोबा गेले नव्हते, मेले होते. शब्दाला एकच अर्थ असावा, दोन अर्थांचा शब्द म्हणजे लबाडी, अशा शिस्तीत ती वाढली.

तिचा विभाग साठवलेल्या धान्याला कीड का लागते याचा अभ्यास करी. जगातले बरेच धान्य किडे खातात याची तिथल्या विद्वानांना मनापासून खंत होती. प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांतून किडे पाळलेले असत. त्यांना ठरल्या वेळी दाणा मिळे, दर रविवारी त्यांचे वजन होई आणि ते घटले, तर लगेच टिपण निघून कारणमीमांसा होई. ती स्वतः दोन महिन्यांत सहा किलोंनी उतरली होती. हे निरीक्षण कोणत्याही नोंदवहीत नव्हते.

त्या रविवारी अडीच वाजता ती किडे तोलायला गेली, तेव्हा भांडार सांभाळणारा म्हातारा चौथ्या फळीशी उभा होता.

"इथलं एक पाकीट कमी दिसतंय," तो म्हणाला. "उद्या सकाळी ही सगळी फळी भट्टीत जायची आहे. आणि हातमोज्यांशिवाय शिवू नकोस. किडे मारायच्या औषधाचा माल आहे."

तिच्या हातातला चिमटा बरणीवर आपटून वाजला.

चौथी फळी पंतांची. पंत म्हणजे तिच्याच भाषेतला वरच्या वर्षाचा विद्यार्थी. चाळिशीतल्यासारखा बोले म्हणून पंत. प्रबंध देऊन तो पंधरा दिवसांपूर्वी मायदेशी परतला होता. मार्गदर्शक सगळ्यांची टिपणे वाचत, म्हणून ही दोघे एकमेकांसाठीच्या चिठ्ठ्या मराठीत लिहीत. चौथ्या फळीवरची चिठ्ठी अजून तिथेच होती. निळ्या शाईत, वळणदार, एकच शब्द: वाढलेले.

म्हातारा गेल्यावर तिने पंतांना फोन लावला.

"पंत, तुम्ही चौथ्या फळीवर 'वाढलेले' लिहिलंय. म्हणजे वाढीव, जास्तीचे, असंच ना?"

"छे छे! वाढलेले म्हणजे संपलेले. प्रयोग आटोपला, आता जाळून टाकायचे. आमच्याकडे डब्यातले तांदूळसुद्धा 'संपले' म्हणत नाहीत, 'वाढले' म्हणतात. आईसमोर 'संपले' म्हणून बघ, लाटणं घेऊन धावेल. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"संपले."

"कमाल आहे."

"पंत, सगळ्यांना औषध लावलेलं होतं?"

"निम्म्यांना. निम्मे साधे. कुठलं पाकीट कसलं ते पाकिटावर लिहीत नाहीत, त्यावरच तर प्रयोग उभा असतो, आणि इतके क्रमांक काही मला पाठ नाहीत. यादी सरांच्या कपाटात. का गं? हातमोजे घातले होतेस ना?"

"हो," ती म्हणाली. आणि ते खरे होते. पाकीट उचलताना तिने हातमोजे घातलेच होते.

भिंतीवर विषबाधेच्या लक्षणांचा एक तक्ता टांगलेला होता. त्याच्यासमोरून ती दोन वर्षे रोज जात होती. आज तिने तो वाचला. मळमळ. घाम. तोंडाला पाणी सुटणे. डोळ्यांच्या बाहुल्या आकसणे. स्नायू फडफडणे. तिला घाम आला होता. तोंडाला पाणी सुटले होते, की सुटल्यासारखे वाटत होते? तिने बेसिनवरच्या आरशात डोळे पाहिले, दिवा लावून पाहिले, मालवून पाहिले. डाव्या पापणीखाली काहीतरी फडफडत होते. ती दोन डाव जेवली होती. ताई तीन. तांदूळ दोनच पाण्यांत धुतले होते, जास्त धुतले की सत्त्व जाते असे आई सांगे म्हणून.

पाकीट क्रमांक सदतीस. साधे, की औषधाचे? शक्यता निम्मी, हे गणित बाबांनी तिला सातवीतच शिकवले होते. सरांना फोन केला, तर कळेल. आणि सरांना फोन केला, तर प्रयोगशाळेतला माल चोरून खाल्ला हेही कळेल, आणि मग जागा नाही, परवाना नाही, देश नाही. साधे असेल, तर कोणालाच काही कळायची गरज नाही. तक्त्यावर लिहिले होते, लक्षणे दोन ते सहा तासांत दिसतात. जेवून दीड तास झाला होता. थोडे थांबले तर?

ती स्टुलावर बसून राहिली. बरणीतले किडे काचेवर चढत होते आणि पडत होते. घड्याळाचा मिनिटकाटा चारवरून आठवर गेला. मग तिला डबा आठवला.

रुग्णालय रस्ता ओलांडून, उतार चढून, दहा मिनिटांवर. ती धावली. श्वास लागला तो धावण्याने, की तोही तक्त्यावर होता, हे तिला आठवेना. परिचारिकांच्या विश्रांतीच्या खोलीत ताई डबा उघडून बसली होती. चमचा भरलेला होता.

"ताई, ठेव. ठेव तो!"

ताईने चमचा ठेवला. तिने जे सांगायचे ते उभ्याउभ्या सांगितले. ताईने डब्याला झाकण लावले, घट्ट दाबले, मग तिचे मनगट धरून घड्याळाकडे पाहिले. पुरते एक मिनिट.

"जीभ दाखव. बरं. तुला हे कधी कळलं?"

"आत्ताच."

"आत्ताच म्हणजे?"

"वीस मिनिटं झाली. इथं यायला दहा."

"वीस मिनिटं काय करत होतीस गं?"

"घाबरत होते."

 ताईने तिचे मनगट सोडले.

तातडीच्या कक्षात त्यांना शेजारच्या खाटा मिळाल्या. कोणीतरी पत्रक आणून दिले. विषारी पदार्थ पोटात जाण्याचे कारण: अपघात, आत्महत्येचा प्रयत्न, अन्य व्यक्तीकडून, इतर. चार चौकोन. पत्रक तयार करणारे लोक विद्वान असावेत, मानवी जीवनातल्या एवढ्या शक्यता त्यांना सुचल्या होत्या. ताईच्या पत्रकावर तिने स्वतःच्या हाताने 'अन्य व्यक्तीकडून' पुढे खूण केली आणि खाली स्वतःचे नाव लिहिले. आपल्या पत्रकावर 'इतर' पुढे लिहिले: भूक. डॉक्टरने ते वाचले, मग पुन्हा वाचले आणि सरांचा क्रमांक विचारला. तिने दिला.

सरांना घरून कपाटापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात ताई एकदाच बोलली, छताकडे बघत.

"आमच्या आईला फोन करायची वेळ आली, तर तू करू नकोस. तू 'मेली' म्हणशील."

फोन वाजला. डॉक्टरने ऐकले, मान हलवली, आणि त्यांच्याकडे वळून सांगितले: सदतीस. साधे तांदूळ. काहीही लावलेले नव्हते.

ताईने भिंतीकडे तोंड केले. तिचे खांदे बराच वेळ हलत होते. हसत होती की रडत होती, ते विचारायचे धैर्य हिला झाले नाही.

आठ दिवसांनी विभागाचे पत्र आले. जाळण्यासाठी राखून ठेवलेल्या साहित्याचे अनधिकृत सेवन केल्यामुळे आपले संशोधन थांबवण्यात येत आहे. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. त्याच टपालाने शिष्यवृत्तीचा कागदही आला, सहीसकट, आता निरुपयोगी.

देश सोडायला चौदा दिवसांची मुदत होती. त्या चौदा दिवसांत ताईने रोज स्वयंपाक केला, रोज तिला वाढले, आणि त्या वीस मिनिटांबद्दल अवाक्षर काढले नाही. ते विचारले असते, तर गिळणे सोपे गेले असते.

निघायच्या सकाळी बॅग जिन्याशी नेऊन ती परत दारात आली. ताई दाराची कडी धरून उभी होती. दोघींनाही ठाऊक होते की या देशाच्या सीमेवर तिच्या नावापुढे आता एक शेरा असेल, आणि तो पुसायची सोय नाही.

तिने चष्मा पुसला. बाबांनी ज्याला सरळ खोटे म्हटले असते, तो शब्द तिच्या तोंडात फार अवघडून आला.

"येते, ताई."

ताईने तिच्याकडे पाहिले. त्या रविवारनंतर पहिल्यांदा पुढे होऊन तिचे मनगट हातात घेतले. नाडी बघावी तसे.

"ये," ती म्हणाली.